जुन्या गाडीचे इंजिन का तापते? लक्षणांवरून निदानाची पद्धत

मारुती ८०० आणि ॲम्बॅसेडर या दोन्ही मोटारींचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही या गाड्या आणि त्यांच्या वयाच्या जीप, टेम्पो व पिकअप देशाच्या ग्रामीण भागात आजही धावत आहेत. भाजीपाला बाजारात पोहोचवणे, शेतशिवारातील सर्वेक्षण, रात्री-अपरात्री रुग्णाला तालुक्याच्या गावी नेणे अशी कामे त्यांच्यावर अवलंबून असतात. अशा गाडीच्या तापमानदर्शकाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागला की बहुधा दोनपैकी एक उपाय केला जातो. रेडिएटरमध्ये पाणी ओतून गाडी पुढे नेली जाते, किंवा गॅरेजमधील मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. काटा काही दिवस खाली राहतो आणि दोष दूर झाला असे वाटते. प्रत्यक्षात मूळ दोष वाढत राहतो आणि एखाद्या दिवशी हेड गॅस्केट उडते, हेड वाकते किंवा पिस्टन जाम होतो. या दुरुस्तीचा खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास जातो.

पिकाची पाने पिवळी पडणे हे लक्षण असते, रोग नव्हे. पाने तुडतुड्यांमुळे पिवळी पडतात, नत्राच्या कमतरतेमुळे पडतात आणि मुळाशी पाणी साचल्यामुळेही पडतात. कारण न शोधता फवारणी करणे म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’. इंजिनाचे तापणे हेही असेच एक लक्षण आहे आणि त्यामागे अनेक कारणे असू शकतात. मात्र त्यांतील बहुतेक कारणे गाडीला वेगवेगळ्या परिस्थितीत तापवतात. त्यामुळे गाडी किती तापते यापेक्षा ती केव्हा तापते, हा प्रश्न निदानासाठी अधिक उपयोगी ठरतो.

यंत्रणेचे कार्य

इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच उपयुक्त कामासाठी वापरला जातो. उरलेली उष्णता मुख्यतः सायलेन्सरवाटे आणि शीतकरण यंत्रणेवाटे बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप शीतकद्रव, म्हणजे कूलंट, इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरवतो. तापलेला द्रव वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतो, बारीक नळ्यांतून वाहताना हवेला उष्णता देतो आणि खालच्या होजमधून पंपाकडे परततो. वाटेत थर्मोस्टॅट ही झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते; द्रव साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोहोचला की तिच्यातील मेण वितळून प्रसरण पावते आणि रेडिएटरचा मार्ग उघडतो.

या साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते; परंतु झाकणाने प्रति चौरस सेंटिमीटर ०.९ किलोग्रॅम इतका दाब राखला तर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत द्रवरूप राहते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की ही सवलत संपते. उंच प्रदेशात याचा परिणाम अधिक जाणवतो. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे उघड्या भांड्यातील पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे सदोष झाकणाची गाडी, इतर सर्व भाग उत्तम असूनही, वाफ सोडू लागते.

याच दाबामुळे गरम इंजिनाचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे असते. दाब नाहीसा होताच शंभर अंशांहून अधिक तापलेले पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि चेहरा, मान व हात गंभीररीत्या भाजतात. वरचा होज पाइप हाताने निर्धास्त दाबून धरता येईल इतका थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. पुढील सर्व तपासण्यांना हा नियम लागू आहे.

काटा खरे दाखवतो का?

प्रथम तापमानदर्शकाचीच खात्री करून घ्यावी. काही जुन्या गाड्यांत तापमान आणि इंधन या दोन्ही काट्यांना एकाच स्थिरकारी उपकरणातून नियंत्रित विद्युतदाब मिळतो. दोन्ही काटे एकाच वेळी वर गेल्याचे दिसले तर दोष इंजिनात नसून त्या उपकरणात असण्याची शक्यता अधिक असते. इंजिन पूर्ण थंड असताना स्विच चालू करताच काटा तांबड्या पट्ट्यात गेला, तर संवेदक किंवा त्याची तार सदोष आहे.

याउलट, काट्याच्या सामान्य स्थितीवरही पूर्ण विसंबता येत नाही. पाण्याची पातळी फार खाली गेली तर संवेदक पाण्याबाहेर उघडा पडतो आणि इंजिन तापत असतानाही काटा कमी तापमान दाखवू शकतो. पिकाच्या पर्णसंभाराचे तापमान मोजण्यासाठी अनेक कृषी केंद्रांत अवरक्त तापमापक असतो. तो येथेही उपयोगी पडतो. मात्र चकचकीत धातूच्या पृष्ठभागावर त्याचे वाचन चुकीचे येते. म्हणून ते रबरी होजवर किंवा काळ्या रंगाच्या भागावर घ्यावे.

गाडी केव्हा तापते?

गाडी वाहतुकीच्या कोंडीत किंवा उभी असताना तापते, पण मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येतो, ही पहिली स्थिती. वेगामुळे मिळणारा वारा पुरेसा पडतो, याचाच अर्थ पंख्याचा वारा अपुरा आहे. पंखा पट्ट्यावर फिरणारा असेल, तर इंजिन बंद करून पट्ट्याचा ताण पाहावा. दोन कप्प्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून बराच अधिक दबत असेल किंवा पट्ट्याच्या कडा चकाकत असतील तर तो घसरत आहे. मारुती ८०० सारख्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि ठरावीक तापमानाला एक स्विच तो सुरू करतो. या स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरू लागला तर दोष स्विचमध्ये आहे. न फिरल्यास फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने तपासावे. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून तेथे काम करताना बॅटरीची तार काढून ठेवावी आणि केवळ चाचणीपुरतीच जोडावी.

दुसरी स्थिती बरोबर उलटी असते. गाडी गावात व्यवस्थित चालते, परंतु घाट चढताना, भार ओढताना किंवा दीर्घकाळ वेगाने धावताना तापते. येथे पंख्याचा संबंध कमी असतो. इंजिन निर्माण करते तितकी उष्णता रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही किंवा पुरेसे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून कचऱ्याने भरला असेल, पंपाची पाती गंजून झिजली असतील किंवा खालचा होज आत ओढला जात असेल. खालचा होज पंपाच्या शोषणाच्या बाजूला असतो. त्याच्या आतील आधाराची स्प्रिंग गंजून गेली की इंजिनाचा वेग वाढताच होज चपटा होतो आणि प्रवाह अडतो. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून हा दोष डोळ्यांनी पाहता येतो.

तिसऱ्या स्थितीत गाडी थंड असताना सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा झपाट्याने वर जातो. काटा वर असूनही वरचा होज थंडच असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी असते. पाण्याची पातळी खूप कमी असणे आणि यंत्रणेत हवा अडकणे हीही याच स्थितीची कारणे आहेत. पाणी बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल, तर अडकलेल्या हवेचा संशय प्रथम घ्यावा.

चौथ्या स्थितीत गाडी तापतच नाही; लांबच्या प्रवासानंतरही काटा तळाशीच राहतो. ही समाधानाची बाब मानली जाते, परंतु तसे नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा पूर्वीच कोणी काढून टाकला आहे, असा तिचा अर्थ होतो.

गाडी चालू असताना आणि थर्मोस्टॅट उघडलेला असताना दोन्ही होजच्या तापमानांची तुलना केल्यास दुसऱ्या स्थितीतील कारणे आणखी वेगळी करता येतात. वरचा होज फार गरम आणि खालचा त्या मानाने बराच थंड असेल, तर प्रवाह मंद आहे. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम असतील, तर पाणी फिरते आहे, पण हवेला उष्णता देत नाही. पहिल्या बाबतीत पंप, होज आणि नळ्यांतील अडथळे पाहावेत. दुसऱ्या बाबतीत रेडिएटरची बाहेरील बाजू आणि पंखा पाहावा.

बाहेरील अडथळे: कीटक, काड आणि गवताचे बी

ग्रामीण भागातील गाड्यांच्या बाबतीत रेडिएटरची बाहेरील बाजू विशेष महत्त्वाची ठरते. पहिल्या वळवाच्या पावसानंतर बाहेर पडणारी पंखधारी वाळवी, रात्री दिव्यांकडे झेपावणारे पतंग आणि भाताच्या पट्ट्यातील हिरवे तुडतुडे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये अडकतात. बंगालमध्ये कालीपूजेच्या सुमारास हे तुडतुडे दिव्यांभोवती इतक्या संख्येने जमतात की तेथे त्यांना ‘श्यामापोका’ असे स्वतंत्र नावच पडले आहे. पंजाब-हरियाणात गव्हाच्या काढणीच्या काळात भुसा, कापूस पट्ट्यात सरकीचे तंतू आणि माळरानावर कुसळी गवताचे बी हेच काम करतात. त्यांवर धूळ आणि गळलेल्या तेलाचा थर बसला की हवेचा मार्ग बंद होतो.

वातानुकूलन असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो. कचरा या दोहोंच्या मधल्या फटीत साचतो आणि समोरून पाहिल्यास सर्व काही स्वच्छ दिसते. म्हणून विजेरीच्या प्रकाशात इंजिनाच्या बाजूनेही पाहणी करावी. स्वच्छता हवा येण्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे इंजिनाकडून बाहेरच्या बाजूस, कमी दाबाच्या पाण्याने करावी. गाडी धुण्याच्या केंद्रातील जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात आणि दोष कायमचा होतो.

अनेक महिने उभ्या असलेल्या गाडीत आणखी दोन गोष्टी पाहणे आवश्यक असते. कुंभारीण माशी लहान नळ्यांच्या तोंडाशी मातीची घरटी बांधते. झाकणाखालून निघणाऱ्या बारीक नळीचे तोंड अशा मातीने बुजले तर जादा दाब बाहेर पडत नाही आणि इंजिन थंड होताना पाणीही परत आत ओढले जात नाही. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला, तर ही नळी आणि झाकणातील छोटी झडप तपासावी. उंदीर रबरी नळ्या कुरतडतात; त्यामुळे धान्याच्या कोठाराजवळ उभ्या गाडीच्या होजची पाहणी सुरू करण्यापूर्वीच करावी.

आतील अडथळे: विंधन विहिरीचे पाणी

रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे विंधन विहिरीचे पाणी घालण्याची सवय देशभर आढळते. कठीण पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होते आणि अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचा थर धातूवर जमतो. पाणी तापवण्याच्या बंबात दिसणारा पांढरा थर तो हाच. उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता धातूपेक्षा फारच कमी असते; त्यामुळे पातळ थरही इंजिनाला रजई पांघरल्यासारखा ठरतो. भूजल खारे किंवा कठीण असलेल्या भागांत हा त्रास अधिक लवकर उद्भवतो.

यावर उपाय म्हणजे इथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट आणि क्षारविरहित पाणी यांचे वाहनपुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातील मिश्रण. समप्रमाणातील मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून ते केवळ हिमप्रदेशासाठी असते असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातील गंजरोधक द्रव्ये ही उष्ण प्रदेशात अधिक मोलाची असतात. ही द्रव्ये कालांतराने संपतात. त्यामुळे रंग चांगला दिसत असला तरी पुस्तिकेतील मुदतीनुसार कूलंट बदलावे. नळ्यांतील क्षार काढण्यासाठी स्वच्छतागृहात वापरले जाणारे आम्ल कधीही वापरू नये; ते ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटर दोन्ही खाते. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर कारागीर टाक्या उघडून आतून साफ करू शकतो. प्लॅस्टिक टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर मात्र बहुधा बदलावाच लागतो.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. काढलेले कूलंट जमिनीवर, गटारात किंवा गोठ्याजवळ ओतू नये. कुत्री, वासरे आणि लहान मुले यांच्यासाठी ते प्राणघातक ठरू शकते.

पाणी कमी होते, पण जाते कोठे?

बंदिस्त यंत्रणेत पाणी वारंवार घालावे लागत असेल, तर ते निश्चितच कोठेतरी जात आहे. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवल्यास सकाळी डागाच्या जागेवरून गळती ओळखता येते. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी झिरपत असेल तर पंपाचे सील गेले आहे. चालकाशेजारील पायपुसणे ओले आणि काचेवर चिकट धुके असेल, तर हीटरचा लहान रेडिएटर गळतो आहे. काही गळत्या दाबाखालीच दिसतात. त्यांसाठी गॅरेजमधील हातपंपाने थंड यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच दाब भरून तो टिकतो का, हे पाहिले जाते.

बाहेर कोठेही थेंब नसताना पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा विचार करावा. थंड गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज टणक होणे, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे आणि तेल दुधाळ होणे ही त्याची लक्षणे होत. केवळ तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. थंडीत जवळच्या फेऱ्या केल्यास तेथे बाष्प साचते. खात्री करण्यासाठी रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या द्रावणातून नेली जाते. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात येत असल्यास निळे द्रावण पिवळे होते. हेड उघडण्याचा मोठा खर्च करण्यापूर्वी ही अल्पखर्चिक चाचणी अवश्य करून घ्यावी.

थर्मोस्टॅट: काढू नये, तपासावा

थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली येतो, हे बऱ्याचदा खरे असते. म्हणूनच हा उपाय लोकप्रिय आहे. परंतु सतत थंड राहिलेल्या इंजिनात इंधनाचे नीट बाष्पीभवन होत नाही. ते सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते, तेलात गाळ साठतो, झीज वाढते आणि इंधनही अधिक लागते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरा, रेडिएटरला वगळून जाणारा मार्ग बंद करतो. तेथे तो काढून टाकल्यास गरम पाण्याचा काही भाग न निवताच परत फिरतो आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते.

त्याची तपासणी घरीही करता येते. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकता, टांगावा आणि तापमापकासह पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी थंड होताना पूर्ण मिटला, तर तो निर्दोष आहे. तसे न झाल्यास त्याच तापमानाचा नवा बसवावा.

वाटेत गाडी तापल्यास

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा. तो लहान रेडिएटरचे काम करतो. काटा तरीही उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर किंवा त्यात थंड पाणी ओतू नये. बिडाच्या तुलनेत ॲल्युमिनियम सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या इंजिनात तापमानाचा अचानक बदल हेडला वाकवतो किंवा तडा देतो. किमान अर्धा तास थांबून, वरचा होज थंड झाल्यावर झाकण जाड कापडाने पकडून सावकाश उघडावे. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालण्यास हरकत नाही. मात्र घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे. ‘अजून दोनच किलोमीटर’ म्हणून तापलेली गाडी पुढे रेटणे हेच इंजिन निकामी होण्याचे नेहमीचे कारण असते.

नोंदवही

कीड सर्वेक्षणात एका दिवसाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढला जात नाही. आठवड्यागणिक नोंदींतून चित्र स्पष्ट होते. गाडीच्या बाबतीतही एक साधी वही पुरेशी ठरते. दर आठवड्याला थंड इंजिनातील पाण्याची पातळी, किती पाणी घालावे लागले, काटा कोणत्या रस्त्यावर व किती भार असताना वर गेला आणि कोणता भाग केव्हा बदलला, एवढेच त्यात लिहावे. महिन्याला पाव लिटर लागणारे पाणी अर्ध्या लिटरवर गेल्याचे वहीत दिसले, तर काटा हलण्याच्या कितीतरी आधी गळती सापडते. मिस्त्रीकडे जाताना ही वही सोबत न्यावी. ‘गाडी तापते’ या दोन शब्दांऐवजी ‘गावात तापत नाही, घाटात तापते आणि खालचा होज थंड असतो’ एवढे सांगता आले, तर निम्मे निदान तेथेच झालेले असते आणि निर्दोष भाग बदलण्याचा खर्च वाचतो.